नक्कल कोणत्या यंत्राची?



जुना संगणक मोडीत निघाला, तरी त्यावरचे प्रोग्राम पुष्कळदां उपयोगाचे राहतात. त्यांना नव्या यंत्रावर आसरा देण्याचें काम एम्युलेटर करतो. एम्युलेटर हाहि एक प्रोग्रामच. परंतु तो जुन्या प्रोसेसरचें सोंग घेऊन त्याच्या आज्ञा एकामागून एक पार पाडतो. आतां हें सोंग नेमकें कोणाचें घ्यावयाचें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं.

इंटेल कंपनीनें १९७८ सालीं ८०८६ आणि १९८२ सालीं ८०२८६ हे प्रोसेसर काढिले. दुसरा पहिल्याच्या आज्ञा जाणतो. म्हणून दोघांस एकच मानण्याचा मोह होतो. पण स्मृतींतील पत्ता दर्शविणाऱ्या तारा पहिल्याला वीस, तर दुसऱ्याला चोवीस. वीस तारांवर १०,४८,५७६ पत्ते मावतात. त्यापुढील पत्ता मागितला, कीं ८०८६ घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरून पुनः शून्यावर येतो. ८०२८६ सरळ पुढें जातो. कांहीं प्रोग्राम या फिरून येण्यावरच विसंबून होते. त्यांच्यासाठीं आयबीएम कंपनीला १९८४ च्या 'एटी' संगणकांत एकविसावी तार अडवून धरण्याची सोय ठेवावी लागली!

दुसरा भेद याहूनहि सूक्ष्म आहे. प्रोसेसर आंकड्यांची एक चळत ठेवीत असतो व तिचा माथा कोठें आहे याची नोंद बाळगतो. ती नोंदच चळतीवर ठेवण्याची आज्ञा दिली, तर ८०८६ बदललेला आंकडा ठेवतो, ८०२८६ बदलापूर्वीचा. एवढ्यावरून प्रोग्राम आपला यजमान ओळखीत असत.

'८६ बॉक्स' सारख्या एम्युलेटरांत प्रोसेसरांचीं नांवें एकेक करून वेगळीं दिलेलीं असतात, त्याचें मर्म हेंच. त्यांतून नांव निवडणें म्हणजे त्या यंत्राच्या सामर्थ्याबरोबर त्याच्या मर्यादाहि पत्करणें होय. पोथीची नक्कल करणारा लेखक मूळ अक्षर आपल्या मतानें सुधारूं लागला, तर पुढच्या वाचकास मूळ पाठ कधींच गवसत नाहीं. एम्युलेटर रचणाऱ्यानेंहि हाच संयम पाळावयास हवा. जुन्या यंत्रांतील जो विचित्रपणा आज दोष वाटतो, त्याच्याच आधारावर कोणाचा तरी प्रोग्राम उभा असेल; तो आधार काढून घेतला, तर यंत्र सुधारेल, पण प्रोग्राम कोसळेल.