स्नायू सैल कसा पडतो?

उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा आणि सोडून द्या. आवळायला शक्ती लागते हे आपण सगळेच जाणतो. सोडायलाही शक्ती लागते, आणि मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

दुसरं महायुद्ध पेटलं होतं तेव्हा हंगेरीतल्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी स्नायूंतली प्रथिनं तपासत होते. मायोसिन आधीपासून ठाऊक होतं. अ‍ॅक्टिन त्यांचे सहकारी श्ट्राउब यांनी नुकतंच वेगळं केलं होतं. या दोहोंचा धागा करून त्यांनी त्यावर स्नायूचा उकळलेला अर्क घातला, आणि धागा त्यांच्या डोळ्यांदेखत आखडला! तिथे ना पेशी होती, ना मज्जातंतू. अर्कात होतं एटीपी, पेशींचं इंधन. मला हा प्रयोग विज्ञानातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो.

आखडणं म्हणजे काय, हे १९५४मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकातल्या दोन निबंधांनी सांगितलं. एकामागे अँड्र्यू हक्सली आणि नीडरगेर्के होते, दुसऱ्यामागे ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. (हे दोन हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हेत.) तंतू स्वतः आखूड होतच नाहीत, मायोसिनच्या जाड तंतूंमध्ये अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू सरकत जातात.

त्यांना ओढतात मायोसिनची इवलीशी डोकी. विहिरीतून पोहरा ओढताना एक हात दोर धरतो, दुसरा सोडून पुढे पकडतो, तसंच. एका ओढीत तंतू सरकतो जेमतेम मिलिमीटरचा लाखावा भाग, पण अशी असंख्य डोकी एकाच वेळी कामाला लागलेली असतात. आणि खरी गंमत पुढेच आहे: डोक्याची पकड सुटते ती एटीपीचा नवा रेणू त्याला येऊन चिकटला की. तो आला नाही, तर डोकं अ‍ॅक्टिनला धरूनच बसतं. मृत्यूनंतर काही तासांत देह ताठरतो, तो यामुळेच.

ओढ सुरू करणारं कॅल्शियमही काम झालं की पुन्हा त्याच्या कोठारात पोचवावं लागतं. त्यालाही एटीपीच खर्ची पडतं. म्हणूनच हृदयाचा रक्तपुरवठा तुटू लागला की आकुंचन मंदावण्याआधीच बऱ्याचदा त्याचं सैल पडणं बिघडतं, आणि दोन ठोक्यांमध्ये ते नीट भरत नाही.