आईंना बोलू द्या



मुलगा गुरुग्रामला, सून नोएडाला नोकरीला, आणि सत्तरीतल्या आई साताऱ्याचं घर बंद करून त्यांच्याकडे बाराव्या मजल्यावर राहायला आलेल्या. दिल्लीच्या आसपास अशी मराठी घरं आता पुष्कळ आहेत. सरकारी नोकरीत आलेल्या जुन्या पिढीला पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात गप्पांना माणसं मिळायची. गुरुग्रामच्या सोसायटीतून पहाडगंज गाठायचं म्हणजे आईंना प्रवासच.

मग तक्रारी सुरू होतात. छातीत धडधडतं, झोप नाही, तोंडाला चव नाही. मधूनच ‘करमत नाही गं’ म्हणतात, ते आपण हसण्यावारी नेतो. २०१७-१८च्या ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं दिसली. निदान झालंय असं सांगणारे मात्र एक टक्काही नव्हते.

आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, बी-१२, सोडियम तपासून घ्या. चालू गोळ्यांपैकी एखादी मन मलूल करत नाही ना, तेही विचारा. पुढे मानसोपचारतज्ज्ञ. एम्स, सफदरजंग, राम मनोहर लोहिया इथे हे विभाग आहेतच. दिलशाद गार्डनचं ‘इहबास’ म्हणजे पूर्वीचं शाहदऱ्याचं मनोरुग्णालय. त्या जुन्या नावामुळे लोक अजून बिचकतात. बिचकू नका.

‘या वयात बोलून काय होणार?’ असं विचारणारे भेटतील. पन्नाशीच्या पुढे मनोविश्लेषणाचा फारसा उपयोग नाही, असं १९०५ साली खुद्द फ्रॉइडनं लिहिलं होतं, आणि तेव्हा तो स्वतःच पन्नाशीला टेकला होता! पुढच्या संशोधनानं त्याला खोटं पाडलं. म्हातारपणीही बोलण्याच्या उपचारांचा गुण येतो.

पण बोलायचं कुणी? डॉक्टर आईंना विचारतात, ‘माताजी, नींद आती है?’ शेजारून मुलगा सांगतो, ‘दो बजे उठ जाती हैं.’ ‘खाना?’ ‘कुछ नहीं खातीं.’ आई पर्सची चेन उघडतात, लावतात. मुलाचा हेतू चांगलाच असतो, पण त्याच्यामुळे झोपेचा आणि जेवणाचाच हिशेब होतो. ज्येष्ठांच्या नैराश्यासाठी पंधरा प्रश्नांची एक चाचणी जगभर वापरतात. तिच्यात झोपेबद्दल, भुकेबद्दल एकही प्रश्न नाही, कारण त्या तक्रारी वयानंही होतात. तिथे विचारतात ते आयुष्य रिकामं वाटतं का, आपला कुणाला उपयोग नाही असं वाटतं का. मुलासमोर याला ‘हो’ कोण म्हणेल?

म्हणून वेळ घेताना फोनवरच विचारा: आईंशी एकट्यानं बोलाल ना? मराठी कळणारं कुणी आहे का? जवळपास कुणी नसेल, तर व्हिडिओवरून पुण्यामुंबईचे समुपदेशक गाठता येतात. मात्र त्या वेळी खोलीचं दार लावून आपण बाहेर बसायचं. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकू आली, तर वेळ ठरण्याची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्या, आयुर्वेदिकसुद्धा. चष्मा घ्या. कानाचं मशीन असेल तर त्याचे सेल घरीच बघून निघा. नाहीतर तिथे पुन्हा मुलगाच बोलायला लागेल.