हाडांची पावडर आणि सोयाबीनची पेंड
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर बोलून झालं. आता हाडांवर बोलतो. हसू नका, हाही हिशेबाचाच विषय आहे.

गावोगाव एजंट फिरताहेत. चाळिशी उलटलेल्या बाईला "सोयाचा अर्क घ्या, हाडं झिजणार नाहीत" म्हणून डबा विकतात. यात खरं किती? पाळी गेली की अंगातलं इस्ट्रोजेन घटतं आणि हाड भरतं कमी, झिजतं जास्त. सोयाबीनमधली जेनिस्टीन, डेडझीन ही द्रव्यं थोडीफार इस्ट्रोजेनसारखी वागतात, म्हणून आशा वाटली. इटलीतल्या एका प्रयोगात (२००७) रोज ५४ मिलिग्रॅम शुद्ध जेनिस्टीननं दोन वर्षांत हाडांची घनता वाढली. पण अमेरिकेत मायामीला २४८ बायांवर प्रयोग झाला (२०११). निम्म्या जणींना रोज २०० मिलिग्रॅम सोयाची द्रव्यं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. दोन वर्षांनी दोन्हीकडची झीज सारखीच! अशा कच्च्या पुराव्यावर डबे खपवायचे, ही आपली लूटच.

बांधावरच्या कांडवेलीचं, म्हणजे हाडजोडीचं, तसंच. बनारसच्या डॉ. उडुपांनी १९६० च्या दशकात ती प्राण्यांवर तपासली, मोडलेलं हाड लवकर सांधलं. पण मोडलेलं हाड वेगळं, वयानं झिजलेलं वेगळं.

गंमत बघा, तेल काढलं की सोयाबीनमधली ही द्रव्यं पेंडीत राहतात, आणि पेंड जाते कोंबड्यांना. डबा मात्र आपल्याला!

शरीराला कॅल्शियम लागतं रोज हजार मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीत ते तिसाच्या आतबाहेर, तेवढ्याच तिळात हजाराच्या वर. शेवग्याचा पालाही चांगला. दूध तर सगळं डेअरीला घालतो आपण.

आता खरी गोष्ट. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली. १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. कोरडवाहू शेतीत भागत नाही म्हणून तोडीला गेलेल्या या आपल्याच घरच्या लेकी-सुना. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली, तर तिशीतच इस्ट्रोजेन संपतं आणि झीज तिथूनच सुरू होते. ती कुठल्या पावडरीनं भरून निघणार?

पुढच्या बैठकीला अशा बहिणींनी दवाखान्याचं कार्ड आणावं. अंडाशयं काढली की ठेवली, हे त्यावर लिहिलंय का, तेवढं आधी पाहू.