बाबांची बीपीची गोळी आणि आपण आणलेलं ‘हेल्दी’ मीठ

आज घरातल्या औषधांच्या डब्याबद्दल बोलूया.

बाबांना बीपी आहे म्हणून आपण ऑनलाइन ‘लो सोडियम’ मीठ मागवतो. वर रोज एक शहाळं. हेतू चांगलाच असतो. पण पाकिटाची मागची बाजू वाचलीये का? सोडियम कमी करायला त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर.

आता बाबांची गोळी बघा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांपैकी काही आहे? या गोळ्या चांगल्याच आहेत, पण त्यांच्यामुळे लघवीवाटे पोटॅशियम कमी बाहेर पडतं. हार्ट फेल्युअरमध्ये देतात ती स्पायरोनोलॅक्टोनही तेच करते. म्हणजे बाहेर जायची वाट अरुंद झाली आणि आपण ताटातून आवक वाढवली! किडनी कमजोर असेल तर धोका आणखी जास्त.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, हृदय बंदही पडू शकतं. आणि बऱ्याचदा आधी काहीच जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये असं मीठ वापरण्याची शिफारस केली, पण किडनीचा त्रास असलेल्यांना आणि ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही त्यांना त्यातून वगळलं.

याउलट फ्रुसेमाइडसारख्या लघवीच्या गोळीने पोटॅशियम कमी होतं. म्हणून डॉक्टर कधी मुद्दाम पोटॅशियमचं सिरप देतात. शेजारच्या काकांना चाललं ते आपल्या बाबांना चालेलच असं नाही, ते यामुळेच.

आणि ते ‘ताकदीचं इंजेक्शन’? आजीला डिगॉक्सिन चालू असेल, तर शिरेतून कॅल्शियम दिल्यावर ठोके बिघडण्याचा धोका असतो. सुई टोचण्याआधीच सांगा, “हिला हार्टची गोळी चालू आहे.”

मग करायचं काय? गोळी मनाने बंद करू नका, तो धोका वेगळाच. आज फक्त मोबाइल काढा. सगळ्या स्ट्रिप्स, मिठाचं पाकीट, सप्लिमेंटच्या बाटल्या, सगळ्यांचे फोटो घ्या. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा आणि विचारा, “पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचं का?” पण अचानक खूप अशक्तपणा आला, धडधड झाली किंवा चक्कर आली, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.

हा एपिसोड ऐकून झाला की फॅमिली ग्रुपवर टाका. आणि आधी घरी एक फोन करा.