कुंडी म्हणजे धानाची बांधी नव्हे

मी दरेकसा इथून बोलते आहे. बचत गटांच्या कामासाठी सालेकसा तालुक्यातल्या गावोगावी माझं जाणं होतं. पूर्वी घरापुढे तुळस आणि मागे वांगी-टमाटरांची सांदवाडी, एवढीच आपली बाग असायची. आता छपरीत, खिडकीत, टीव्हीच्या बाजूला मनीप्लांट, स्नेक प्लांट, अरेका पाम अशा कुंड्या दिसतात. कुणाला भेट मिळालेली असते, कुणी गोंदियाहून दीडशे-दोनशे रुपये देऊन आणलेली असते. दोन-तीन महिन्यांनी त्यातली कितीतरी झाडं पिवळी पडून मरतात. मग बाई म्हणते, "रोज पाणी घातलं, तरी मेलं."

आज मला एवढंच सांगायचं आहे की बहुतेक वेळा ते रोज पाणी घातल्यामुळेच मरतं.

आपण धानाच्या मुलखातल्या बाया. रोवणीत गुडघाभर चिखलात उभं राहून आपलं आयुष्य गेलं. बांधीत पाणी साचलेलं दिसलं की आपल्याला बरं वाटतं. म्हणून कुंडीतली माती ओली दिसली तरी हात आपोआप गडव्याकडे जातो. पण धानाची गोष्ट वेगळी आहे. धानाच्या खोडात आणि मुळांत नळीसारख्या पोकळ जागा असतात. पानांतली हवा त्या वाटेनं खाली मुळांपर्यंत पोचते, म्हणून धान पाण्यात उभं राहून जगतं. मनीप्लांटला किंवा स्नेक प्लांटला अशी सोय नाही. त्यांच्या मुळांना हवा मातीतूनच घ्यावी लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक मोकळ्या जागा असतात, त्यात हवा असते. त्या जागा दिवसरात्र पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मूळ गुदमरतं, मग सडतं.

कुणी म्हणेल, ही तर पावसाळी जंगलातली झाडं, त्यांना पाणी लागणारच. खरं आहे. मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावरचा, अरेका पाम मादागास्करचा. तिकडे पाऊस भरपूर पडतो, पण तो मुळाशी अडून राहत नाही. आपला हाजरा धबधबा आठवा. कड्याच्या फटीत उगवलेल्या झुडपांवर पावसाळाभर पाणी पडतं, आणि पडल्या पडल्या खाली वाहून जातं. पाणी यावं आणि निघूनही जावं, हे झाडाला हवं असतं. कुंडीत ते निघून जायची वाट आपल्याला करून द्यावी लागते.

दुसरी शंका हमखास येते. मनीप्लांट बाटलीतल्या पाण्यात वाढतो, मग कुंडीत का सडतो? बाटलीतल्या पाण्यात फुटलेली मुळं त्या पाण्याला सरावलेली असतात आणि स्वच्छ पाण्यात थोडी हवा विरघळलेली असते. कुंडीतल्या चिखलात ती हवा लवकर संपते आणि सडवणारी बुरशी जोर धरते. बाटलीतलं पाणीही आठवड्याला बदलायलाच हवं.

आता पाणी कधी घालायचं? वार ठरवून घालू नका, बोटाला विचारा. भात लावताना तांदळावर पाणी किती आलं ते आपण बोटाच्या पेरानं बघतो. तसंच मातीत बोट दोन पेरं आत घाला. आत ओल लागली तर आज पाणी नको. कोरडं लागलं तर घाला. कुंडी लहान असेल तर उचलून बघा. पाणी प्यालेली कुंडी जड लागते, तहानलेली हलकी. स्नेक प्लांट मात्र पानांतच पाणी साठवतो. त्याची माती पार खालपर्यंत कोरडी होऊ द्या. हिवाळ्यात त्याला महिन्यातून एकदा पाणी दिलं तरी चालतं.

घालायचं कसं? रोज अर्धा पेला शिंपडू नका. त्यानं वरची माती तेवढी ओली होते आणि खालचं मूळ कोरडंच राहतं. घालाल तेव्हा हळूहळू, सगळ्या बाजूंनी, खालच्या छिद्रातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला. अर्ध्या तासानं ताटलीत उतरलेलं पाणी ओतून टाका. मग बोट कोरडं लागेपर्यंत कुंडीला हात लावू नका.

उन्हाळ्यात सकाळी लवकर पाणी घाला. दुपारी उन्हानं तापलेल्या पाइपाचं गरम पाणी झाडाला देऊ नका. पावसाळ्यात हवाच ओली असते, कुंडी आठ-दहा दिवसही ओली राहू शकते. थंडीत झाडाची वाढ मंदावते, ते पाणी कमी पितं.

कुंडीला खाली छिद्र हवंच. दुकानातून आणलेल्या कितीतरी सुंदर कुंड्यांना ते नसतं. अशी कुंडी असेल तर झाड छिद्राच्या साध्या डब्यात लावा आणि तो डबा त्या कुंडीत ठेवा. पाणी घालताना डबा बाहेर काढा, पूर्ण निथळला की परत आत ठेवा. बांधीतली कन्हार माती नुसती भरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगडासारखी होते. दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं रेती असं मिसळा. गिरणीवरचा अर्धवट जळका तूस मिळाला तर तोही मिसळा, माती भुसभुशीत राहते.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. झाड तहानलं तरी मान टाकतं आणि बुडालं तरी मान टाकतं. मान टाकलेली दिसली की आपण धावत जाऊन आणखी पाणी ओततो, आणि बुडणाऱ्याला वरून दाबल्यासारखं होतं. आधी मातीत बोट घाला. माती कोरडी आणि पानं कडांना कुरकुरीत असतील तर तहान आहे. माती ओली, पानं पिवळी आणि मऊ, मातीला कुबट वास असेल तर झाड बुडालं आहे. त्याला बाहेर काढा, काळी-मऊ झालेली मुळं कात्रीनं कापा, नवीन मोकळ्या मातीत लावा आणि सावलीत ठेवा. नवीन पान येईपर्यंत खत देऊ नका. मनीप्लांटची वरची फांदी चांगली असेल तर पेरासकट कापून वेगळी लावा. जुनं झाड गेलं तरी वंश राहील.

आता यातली सगळ्यात मोठी गोष्ट. ही फक्त झाडाची नाही, घरातल्या लेकरांची आहे. कुंडीखालच्या ताटलीत आणि मनीप्लांटच्या बाटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगूचा डास अंडी घालतो. गरम हवेत आठ-दहा दिवसांत त्या अंड्यांचे डास होतात, आणि हा डास दिवसा चावतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून ताटली आणि बाटली आतून घासायची. आशाताई आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, त्यात आपण टाकी आणि रांजण धरतो, कुंडीची ताटली विसरतो.

काही गटांच्या मनात कुंडीतली रोपं तयार करून विकायचं आहे. चांगला धंदा आहे, भांडवल कमी लागतं. पण आपल्याकडून नेलेलं झाड महिन्यात मेलं तर ती बाई परत येणार नाही, आणि आणखी चारजणींना सांगेल. म्हणून विकताना रोपाबरोबर दोन वाक्यं द्या. बोट कोरडं लागलं तरच पाणी, आणि ताटलीत पाणी ठेवायचं नाही. एका चिठ्ठीवर लिहून कुंडीला बांधली तर आणखी चांगलं. माहेरी किंवा कचारगडच्या यात्रेला जाताना घरच्यांनाही हेच सांगून जा. नाहीतर ते प्रेमानं दिवसातून दोनदा पाणी घालतील.

गटाची बैठक ठरलेल्या वारी होते ना? तोच वार कुंड्यांचा ठेवा. बैठकीला निघण्याआधी ताटल्या पालथ्या करून घासायच्या, बाटलीतलं पाणी बदलायचं, प्रत्येक कुंडीत बोट घालून बघायचं. पाचेक मिनिटांचं काम आहे. उन्हाळ्यात हातपंपावरून गुंडानं आणलेल्या पाण्याची किंमत आपल्याइतकी कुणाला ठाऊक? ते पाणी झाड सडवण्यात घालवू नका.