दोराचा सांधा आणि झाडावरचा माणूस

चिंच पिकली की लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत बांधावरच्या, ओढ्याकाठच्या आणि वेशीजवळच्या जुन्या झाडांवर माणसे चढतात, फांद्या हलवून आणि लांब काठीने झोडून चिंचा खाली पाडतात, आणि या कामात त्यांच्यापैकी अनेकांच्या जिवाला पायाखालच्या फांदीखेरीज दुसरा आधार नसतो. दोर सोबत असलाच, तर तो बहुधा गाठ मारून बांधलेला असतो. आणि दोर सहसा तुटतो तो गाठीपाशीच.

याचे कारण साधे आहे. गाठीत दोर आखूड वळण घेतो, त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात, आतल्या अंगाचे चेपले जाऊन सैल राहतात, आणि सगळ्या दोराने वाहायचा भार थोड्याच तंतूंवर येऊन पडतो. नेहमीच्या वापरातल्या गाठींमुळे दोराची ताकद साधारण तीस ते चाळीस टक्क्यांनी घटते. उंचीवरील कामाच्या दोरांसाठी असलेल्या युरोपीय मानकात हा फरक गृहीतच धरलेला आहे: त्यातील ‘अ’ वर्गाच्या नुसत्या दोराने 22 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 2200 किलो वजनाइतका ताण सोसावा अशी अट असून, टोकाला गाठ मारल्यावर मात्र 15 किलोन्यूटनची अपेक्षा ठेवलेली आहे. याउलट दोराचे टोक उकलून त्याचे पदर त्याच दोराच्या अंगात पुन्हा गुंफले, म्हणजेच दोर सांधला, तर चांगल्या सांध्यात ही घट दहा टक्क्यांच्या आसपास राहते.

ही विद्या मराठवाड्याला परकी नाही. बलुतेदारीत दोर वळण्याचे काम मातंग समाजाकडे होते, आणि त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांच्या या व्यवहाराचे वर्णन आले आहे. अंबाडीचे दांडे पाण्यात कुजवून किंवा केकताडाची पाने ठेचून त्यांचा वाख, म्हणजे लांब चिवट तंतू काढायचा, त्याला पीळ देऊन पदर करायचे आणि ते पदर उलट्या दिशेने एकत्र वळायचे, अशी ही कृती असून दावे, कासरा, वेसण आणि मोटेचा नाडा या सर्वांचा जन्म तिच्यातूनच होत असे. मोटेचा नाडा विहिरीवरच्या चाकावरून सतत ये-जा करत असल्याने त्यात जाड गाठ चालण्यासारखी नव्हती, तेथे सांधाच हवा असे. बैलांचे, मोटेचे आणि पर्यायाने उभ्या पिकाचे भवितव्य ज्या दोरावर अवलंबून असे, तो वळणाऱ्या हातांना गावाने धान्य दिले, पण मान दिला नाही, हेही येथे नमूद केलेच पाहिजे.

तिपदरी दोराला सांधून डोळा, म्हणजे कायमचा फासा, करण्याची रीत नीट पाहण्यासारखी आहे. दोराचे टोक हातभर उकलून प्रत्येक पदराचे शेवट सुताने बांधतात, हव्या त्या मापाचा डोळा वळवतात, आणि टोकदार लाकडी खुंटीने उभ्या दोराचा पीळ किंचित उघडून मधला पदर त्याच्या एका पदराखालून ओवतात. डावीकडचा पदर शेजारच्या पदराखालून जातो, आणि दोर उलटा करून तिसरा पदर उरलेल्या पदराखालून घातला की प्रत्येक फटीतून एकेक पदर बाहेर आलेला दिसतो. त्यानंतर प्रत्येक पदर एकावरून आणि एकाखालून, पिळाच्या आडव्या दिशेने, पुन्हा पुन्हा ओवला जातो. वाखाच्या खरबरीत दोराला असे तीन फेरे पुरतात, तर गुळगुळीत नायलॉनला निदान पाच लागतात. भार आला की उभ्या दोराचे पदर आवळले जाऊन आत गेलेल्या पदरांना दाबून धरतात, त्यामुळे ओढ जितकी वाढते तितकी पकडही घट्ट होते.

झाडावर चढण्यासाठी आज वापरले जाणारे दोर पुष्कळदा पीळ दिलेले नसून विणलेले असतात, आणि त्यांपैकी काहींचे टोक दोराच्याच पोकळ अंगात सरकवून, शिवून सांधले जाते; काही दोर मात्र सांधण्यासारखे नसतातच, म्हणून उत्पादकाची रीत सोडून प्रयोग करणे जिवावर बेतते. अंबाडीचा दोरही माणसाचा भार पेलण्यासाठी वापरू नये, कारण ओलाव्याने तो आतून कुजतो आणि बाहेरून धड दिसतो. पदर उकलून पाहिल्यावर भुकटी पडली, तर तो दोर कडबा बांधण्यापुरताच ठेवावा.

शेजारच्या तेलंगणात ताडाच्या झाडांवर चढणाऱ्या गौड समाजातील कामगारांसाठी तेथील सरकारने 2024 मध्ये सुरक्षा साधनांची योजना सुरू केली. नांदेड जिल्ह्यातील देगलूर, बिलोली आणि धर्माबाद हे तालुके त्या राज्याला लागूनच आहेत. मराठवाड्यातही चिंच झोडणारे आणि विजेच्या तारांजवळच्या फांद्या तोडणारे यांना कमरेचा पट्टा व प्रमाणित दोर मिळावा आणि त्या दोराची पारख शिकवली जावी. हे शिक्षण कृषी विज्ञान केंद्रांत सहज देता येईल. पीळ कोणत्या हाताचा आहे, पदर कुठे सैल पडला आहे आणि दोर कुठे झिजला आहे हे बोटांनी ओळखणारे जुने कारागीर गावोगाव आहेत, आणि नव्या दोराची रीत त्यांना आधी शिकवून, योग्य मानधनावर त्यांचीच शिक्षक म्हणून नेमणूक करणे सर्वांत उचित ठरेल.