डोक्याची इजा आणि फेफरें

डोक्यास जबर मार लागलेला रोगी शुद्धीवर येतो, घरच्या मंडळींस हायसें वाटतें, आणि अवचित त्यास फेफरें येतें. तें टळावें म्हणून डॉक्टर फेनिटॉइन हें औषध महिनेच्या महिने देत असत.

याची कसोटी अमेरिकेंत सिॲटल येथें ४०४ जखमींवर लागली. निष्कर्ष १९९० सालीं प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यांत निरौषध मात्रा घेणाऱ्यांपैकीं शेंकडा सुमारें १४ जणांस फेफरें आलें, औषध घेणाऱ्यांपैकीं अवघ्या ४ जणांस. पुढें मात्र औषधाचा लाभ दिसला नाहीं. आकडी दाबणें निराळें, मेंदूंत अपस्माराचें मूळ धरूं न देणें निराळें!

म्हणून आकडी न आलेल्या जखमीचें हें औषध बहुधा आठवड्यानंतर थांबवितात. ज्यास अपस्मार जडला, त्यानें मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून औषध सोडूं नये.